हवेचा हिशेब

हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. तसे विसरणे स्वाभाविकही आहे. जे डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही त्याचे वजन ध्यानात ठेवावे तरी कशाला? एव्हान्जेलिस्टा तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ च्या जून महिन्यात आपल्या एका मित्राला पत्र लिहिले आणि आपण सारे हवेच्या महासागराच्या तळाशी बुडून राहत आहोत, अशा आशयाचा विचार त्यात मांडला. तो मित्र म्हणजे मायकेलँजेलो रिच्ची. हा गणिती पुढे उतारवयात, १६८१ साली, कार्डिनल झाला. चर्चच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच निघते. मला मात्र तो आठवतो तो या पत्रामुळे, आणि अलीकडे एका मोटारगाडीमुळे.

मोटारगाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती हवेवरच अधिक चालते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम भरते आणि ते नीट जळावे यासाठी त्याच्या वजनाच्या १४.७ पट, म्हणजे जवळजवळ अकरा किलो हवा लागते. अकरा किलो हवा म्हणजे किती? गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या नऊ टाक्या काठोकाठ भरतील इतकी. पंपावर आपण लिटरचे पैसे मोजून देतो आणि या नऊ टाक्यांचा हिशेब कोणीच विचारत नाही. इंजिनाला मात्र तो दर क्षणी ठेवावा लागतो. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले तर मिश्रण पातळ होते, गाडी दम टाकते. उलट झाले तर काळा धूर निघतो आणि पैसा नळीतून उडून जातो.

माझ्या उमेदवारीच्या काळात, १९९० च्या दशकात, तलासरीच्या बाजूला आमच्याकडे एक जुनी जीप होती. तिला कार्ब्युरेटर होता. हवा आत खेचली जाई ती एका निमुळत्या गळ्यातून आणि त्या ओढीबरोबर पेट्रोलही आपसूक वर येई. मोजमाप असे काही नव्हतेच, होता तो एक अंदाज. पण अंदाज चुकला की कोठे चुकला हे माणसाला दिसे. जेटमध्ये कचरा अडकला तर तो काढायचा, तोंडाने फुंकायचा आणि पुन्हा बसवायचा. पाड्यापाड्यांतून फिरताना हे काम मी कितीदा केले असेल याची गणती नाही. कॅसॉकला पेट्रोलचा वास येतो अशी तक्रार आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी एकदा केल्याचेही स्मरते.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि अंदाजाच्या जागी मोजणी आली. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये जी इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रणाली बाजारात आणली ती हवेचा दाब मोजून हवेचे प्रमाण ताडत असे. १९७० च्या दशकात हवेच्या वाटेत एक हलती फडताळी बसवण्यात आली. हवेच्या रेट्याने ती जितकी उघडे, तितकी हवा आत आली असे समजायचे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तप्त तारेचा मापक आला आणि आज ज्याला मेकॅनिक मंडळी एअरफ्लो सेन्सर म्हणतात तो बहुधा याच कुळातला असतो. आपल्याकडच्या पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतोच, तेथे आजही दाबावरूनच हिशेब मांडतात. मोठ्या गाड्यांत मात्र एअर फिल्टरच्या डब्याला लागून तो बसवलेला आढळतो.

त्याचे तत्त्व इतके सोपे आहे की बशीत चहा ओतून फुंकणाऱ्या कोणालाही ते कळावे. फुंकर जितकी जोराची तितका चहा लवकर निवतो. हवेच्या वाटेत केसाइतकी बारीक प्लॅटिनमची तार ताणलेली असते. वीज देऊन ती आसपासच्या हवेपेक्षा एका ठरावीक अंशाने तप्त ठेवतात. वारा वाहू लागला की तार निवू लागते आणि तिला पूर्ववत तप्त ठेवण्यासाठी अधिक वीज द्यावी लागते. किती अधिक द्यावी लागली, यावरून किती हवा गेली ते कळते. यातली खुबी अशी की हा मापक हवेचे आकारमान मोजत नाही, वजन मोजतो. इगतपुरीला, सुमारे सहाशे मीटर उंचीवर, हवा समुद्रकाठापेक्षा पाचसहा टक्के विरळ असते. तारेला ते न सांगता उमगते. मला ही रचना फार देखणी वाटते. पण या तारेवर धूळ बसली तर काय होईल? माणसाने गोधडी पांघरल्यासारखे होईल. बाहेर वारा सुटला तरी आतल्याला थंडी वाजणार नाही. वारा कमीच आहे, असे तार प्रामाणिकपणे सांगेल, आणि इंजिनाचा संगणक तेवढ्याच हवेपुरते पेट्रोल सोडील.

आता ज्या गाडीने मला या विषयात ओढले तिच्याकडे वळतो. दोघा भावांची ही हकीकत आहे. दोघांच्याही संमतीने मी ती लिहीत असलो, तरी त्यांचे गाव सांगणार नाही. वसईच्या पट्ट्यातले आहेत एवढे पुरे. एकाच वाडीत दोन घरे, मधे सामाईक विहीर. थोरला वाडी पाहतो, धाकटा मुंबईत नोकरीला जातो. आई थोरल्याकडे. थोरल्याची अठराशे सीसीची, दहा-अकरा वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेसाठी धाकट्याने ती मागून नेली. चिंचोटी, अंजूरफाटा, भिवंडी असा जाईपर्यंत तक्रार नव्हती. कसाऱ्याचा घाट लागला आणि गाडी धापा टाकू लागली. पाय दाबला तरी वेग घेईना, मधेच गचके देई. परतताना डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. धाकट्याने गाडी आणून दिली, जे घडले ते सांगितले, आणि तेथून भांडण सुरू झाले.

थोरल्याचे म्हणणे सरळ होते. गाडी दिली तेव्हा चांगली होती, परत आली ती बिघडून. मध्यंतरी ती धाकट्याच्या हातात होती. महामार्गावरच्या कोठल्या तरी पंपावर भेसळीचे पेट्रोल भरले असेल, नाहीतर घाटात चुकीच्या गिअरमध्ये रेमटवली असेल. त्याने गाडी एका गॅरेजमध्ये दिली. तेथे स्कॅनर लावला, पी ०१७१ हा क्रमांक आला, आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला. तीन दिवस दिवा विझला, चौथ्या दिवशी पुन्हा लागला. मग प्लग बदलले. मग पेट्रोलचा पंप बदलला. तिन्ही बिले थोरल्याने धाकट्यापुढे ठेवली; एकूण सत्तावीस हजार रुपये. धाकट्याने पहिले भरले, दुसरे भरले, तिसऱ्याला नकार दिला. त्या दिवसापासून बोलणे बंद. विहिरीवरचा पंप कोणी केव्हा चालवायचा याचेही वेळापत्रक मुलांकरवी ठरू लागले. चौथ्या खेपेस गॅरेजवाल्याने इंजिन उघडावे लागेल असे सुचवले, तेव्हा त्यांची आई माझ्याकडे आली. ती गाडीविषयी एक शब्द बोलली नाही. "फादर, माझ्या मयताला तरी दोघे एका बाजूला उभे राहतील का, एवढं विचारा त्यांना," असे म्हणाली.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी आम्हांला तर्कशास्त्र होते. आमचे वृद्ध प्राध्यापक तर्कदोषांची लॅटिन नावे घोकून घेत. 'पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक', म्हणजे 'यानंतर, म्हणून यामुळे', हा त्यांचा आवडता दोष. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, म्हणून कोंबडा सूर्याला उगवायला लावतो, अशी उदाहरणे ते देत आणि आम्ही हसत असू. प्रत्यक्षात हा दोष कोंबड्यापुरता राहत नाही. मी तिन्ही बिले मागवून घेतली आणि टेबलावर मांडून पाहिली, तेव्हा थोरल्याच्या युक्तिवादात तो होताच, आणि गॅरेजच्या बिलांत त्याचा सख्खा भाऊ होता.

पी ०१७१ या क्रमांकाचा अर्थ एवढाच की, मिश्रण पातळ आहे आणि संगणकाने पेट्रोल वाढवून पाहिले तरी ते ताळ्यावर येत नाही. ही बातमी संगणकाला कोण देतो? धुराड्याच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर. जळून झाल्यावर धुरात ऑक्सिजन शिल्लक राहिला तर तो ओरडतो. त्याची ओरड ऐकून त्यालाच बदलणे म्हणजे आग लागली असे सांगत आलेल्या माणसाला कोठडीत टाकण्यासारखे आहे. पुष्कळ गॅरेजांत हेच होते, आणि त्यात लबाडीच असते असे मला वाटत नाही. यंत्राच्या पडद्यावर क्रमांक उमटला की त्याला एखाद्या सुट्या भागाचे नाव चिकटवण्याची घाई असते. गिऱ्हाईकही दारात ताटकळत असते, आणि विचार करण्याचे बिल लावता येत नाही.

माझ्या परिचयाचे एक मिस्त्री सोपाऱ्याच्या बाजूला आहेत. साठीला आलेले, कार्ब्युरेटरवर हात बसलेले, पण मुलाकडून लॅपटॉप चालवायला शिकले. त्यांना मी बोलावले आणि दोन्ही भावांनाही हजर राहायला सांगितले. आले दोघे, एक फाटकाच्या अलीकडे, एक पलीकडे उभा राहिला. मिस्त्रींनी प्रथम काहीच जोडले नाही. बॉनेट उघडून इंजिन चालू केले आणि दोन मिनिटे नुसते ऐकले. मग म्हणाले, "फादर, उभी असताना ही गाडी निरोगी माणसासारखी श्वास घेते. हिला चढावर नेऊन विचारलं पाहिजे." मग त्यांनी धाकट्याला विचारले, "गचके केव्हा बसले? सपाटीवर की चढावर?" चढावर, हे उत्तर त्याने चार महिने दिले होते, त्यावर पुढचा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

मिश्रण पातळ होण्याची कारणे मोजकीच असतात. एक तर इंजिनाच्या पोटात, मापकाच्या पुढे कोठेतरी फट असते आणि तेथून न मोजलेली हवा शिरते. पूर्वी जकात नाके होते तेव्हा काही ट्रक आडवाटेने शहरात घुसत, तशातला हा प्रकार. (मुंबईची जकात २०१७ च्या जुलैत संपली, तरुण वाचकांसाठी ही उपमा आता समजावून सांगावी लागेल.) दुसरे कारण, पेट्रोलच कमी दाबाने येते. तिसरे, नाक्यावरचा कारकूनच कमी मोजतो. तिन्ही ठिकाणी धुरातला ऑक्सिजन सेन्सर एकच बोंब मारतो, आणि म्हणून केवळ त्या बोंबेवरून निवाडा करता येत नाही.

मिस्त्रींनी लॅपटॉपवर जो आकडा काढला त्याला ते लोक 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल संगणक स्वतःहून घालतो आहे, हे त्यावरून दिसते. शून्याच्या आगेमागे पाचसात टक्के असेल तर कोणी दखल घेत नाही. गाडी उभी असताना तो आकडा अधिक सात होता. अडीच हजार फेऱ्यांवर सोळा झाला. येथेच पहिले कारण बाद झाले. फट असती तर उलट दिसले असते. इंजिन संथ असताना चोरवाटेची हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते, आणि वेग वाढला की त्या थोड्याशा हवेचा हिस्सा नगण्य होतो. तरीही मिस्त्रींनी फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची रबरी नळी घडी घडी उलगडून पाहिली. कारण अशा नळीच्या सुरकुतीतली चीर इंजिनाने झोका घेतला तरच उघडते आणि चढावरच दगा देते. मग उदबत्ती लावून तिचा धूर सांध्यांजवळून फिरवला. कोठेही धूर आत खेचला गेला नाही. पेट्रोलच्या आसपास निखारा नेणे धोक्याचे आहे आणि वाचकांनी तो प्रयोग करू नये; पण धुराचा असाही उपयोग असतो, हे धूपदान हलवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला नवे होते. पेट्रोलच्या नळीला दाबमापक लावला. काटा तीनच्या आकड्याशी उभा राहिला आणि रेस दिली तरी हलला नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. मिठागरांच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर मिस्त्री गाडी चालवत होते, धाकटा मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी होता आणि मी व थोरला मागे होतो. दुसऱ्या गिअरमध्ये त्यांनी पाय पूर्ण दाबला आणि चार हजार फेऱ्यांवर एअरफ्लो सेन्सर काय सांगतो ते धाकट्याने मोठ्याने वाचले. सेकंदाला अडतीस ग्रॅम.

अडतीस हा आकडा बरोबर की चूक, हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही. कागद आणि पेन्सिल पुरते. अठराशे सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना आपल्या पोटात १.८ लिटर हवा घेऊ शकते. मिनिटाला चार हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला साठ लिटर. मे महिन्याच्या दमट पहाटे लिटरभर हवेचे वजन साधारण १.१५ ग्रॅम. म्हणजे इंजिन काठोकाठ भरले तर सेकंदाला एकोणसत्तर ग्रॅम हवा जायला हवी. कोणतेही साधे इंजिन इतके काठोकाठ भरत नाही. ८० ते ९० टक्के धरले तर पंचावन्न ते बासष्ट ग्रॅम. आणि मापक म्हणत होता अडतीस. रस्त्याकडेला गाडी उभी करून हा हिशेब मी बिलाच्या पाठीवर मांडला. थोरला मागून वाकून पाहत होता. तो एकेकाळी शाळेत गणितात हुशार होता, हे मला त्याच्या आईने सांगितले होते.

पण येथे थांबले असते तर आम्हीही गॅरेजवाल्यासारखेच झालो असतो. आकडा कमी आहे म्हणजे मापक खोटा, असे लगेच म्हणता येत नाही. कदाचित हवा खरोखरच कमी जात असेल. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला, किंवा फिल्टर मातीने भरला, तर इंजिनाला श्वासच घेता येत नाही, आणि मापक अडतीस म्हणाला तर तो खरेच बोलत असतो. गाडीचा जोर तेव्हाही असाच जातो. मग निवाडा कसा करायचा?

दुसऱ्या साक्षीदाराला विचारून. हवा खरोखर कमी असती आणि मापक खरे सांगत असता, तर संगणकाने त्या कमी हवेपुरतेच पेट्रोल सोडले असते आणि मिश्रण योग्य राहिले असते. गाडी मंद, पण धुराची तक्रार नाही. पाय पूर्ण दाबल्यावर मिश्रण मुद्दाम थोडे घट्ट ठेवतात, तेव्हा ऑक्सिजन सेन्सरने ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवायला हवे होते. धाकट्याने तोही आकडा टिपला होता: ०.१. म्हणजे धुरात ऑक्सिजन भरपूर उरत होता. आत येताना एक पहारेकरी सांगतो, थोडीच माणसे गेली. बाहेर पडताना दुसरा सांगतो, गर्दी लोटली आहे. दोघेही खरे असू शकत नाहीत. पेट्रोल कमी पडते आहे का, हे तर दाबमापकाने आधीच सांगून टाकले होते. शिवाय पेट्रोलचा दोष असता तर हवेचा आकडा साठीजवळ दिसला असता. भेसळीच्या पेट्रोलाने तर हवेच्या तारेला काहीच होत नाही. ते तिच्या वाटेला जातच नाही. ऑक्सिजन सेन्सर नवा होता, पूर्वीचाही हेच बोलत होता. गुंता सुटून एकच नाव उरले.

आणि गाडी सपाटीवर चांगली का वाटत होती, याचाही उलगडा झाला. साध्या चालीत धुराचा निरोप ऐकून संगणक पेट्रोल वाढवत राहतो आणि मापकाची चूक झाकली जाते. चालवणाऱ्याला काही कळत नाही. पाय पूर्ण दाबला की जोर हवा म्हणून तो धुराचा निरोप ऐकणे थांबवतो आणि मापकाच्या आकड्यावर, जुन्या दुरुस्तीची भर घालून, विसंबून राहतो. तेव्हा उणीव उघडी पडते. थोरला गाडी चालवतो ती वाडी ते बाजार, बाजार ते चर्च. वसईच्या सपाट रस्त्यांवर त्याने वर्षभरात एकदाही पाय पूर्ण दाबला नव्हता. हे त्यानेच, न विचारता, सांगितले.

सेन्सर दोन स्क्रूंनी बसवलेला होता. मिस्त्रींनी आधी किल्ली काढली, मग प्लग सोडवला आणि तो बाहेर काढून माझ्या हातात दिला. बारीक छापाचे जुने ग्रंथ वाचण्यासाठी मी भिंग वापरतो, त्यातून पाहिले. तारेवर करड्या रंगाची लव चढली होती आणि तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागा गुंतलेला होता. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली असून ती तारेने बांधली होती, आतला कागदी फिल्टर हलक्या प्रतीचा होता आणि त्याची रबरी कड एका बाजूला बसतच नव्हती. त्या फटीतून धूळ गाळणीला वळसा घालून जात होती. क्लिप कोणी तोडली हे कोणास ठाऊक नाही. दोन-तीन ठिकाणी सर्व्हिसिंग झाले होते, आणि मीही तो शोध पुढे नेला नाही. मिस्त्री एवढेच म्हणाले, "हा थर चार दिवसांचा नाही, फादर. सावकाश बसलाय, महिनोन्‌महिने."

साफसफाईविषयी दोन शब्द, कारण येथे उत्साही माणसे नुकसान करतात. तारेला बोट, कापूस किंवा ब्रश लावायचा नाही, ती तुटते. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेनेही तुटते. कार्ब्युरेटर साफ करायचा फवाराही चालत नाही, तो मागे थर सोडतो आणि प्लॅस्टिक खातो. खास या सेन्सरसाठी लवकर उडून जाणारा फवारा मिळतो, तो दुरून मारायचा आणि पूर्ण वाळल्यावरच प्लग जोडायचा. इतके करूनही सेन्सर सुधारेलच असे नाही. पुष्कळदा नवाच घ्यावा लागतो, आणि तेव्हा स्वस्ताच्या मोहाने नकली घेतला तर नव्या डब्यातून जुनाच आजार घरी येतो. सेन्सर काढून गाडी चालवून पाहण्याची युक्तीही सर्रास सांगितली जाते. काही गाड्यांत तिचा उपयोग होतो. काही गाड्यांत संगणक सावध होऊन इंजिनाला पुढे वेगच घेऊ देत नाही, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आमचा सुधारला. तासाभराने त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच चार हजार फेऱ्यांवर धाकट्याने आकडा वाचला: सत्तावन्न. ऑक्सिजन सेन्सर ०.८५. गाडीने पाठीला जो रेटा दिला तो मागे बसलेल्या आम्हां दोघांनाही जाणवला. फ्युएल ट्रिम तेवढ्यावरच खाली आला नाही. संगणकालाही जुनी सवय सोडायला थोडा वेळ लागतो. आठवड्याने मिस्त्रींनी पुन्हा पाहिला तेव्हा तो अधिक तीनवर होता. पिवळा दिवा पुन्हा लागला नाही.

सत्तावीस हजारांचे काय झाले, हे मी विचारले नाही. पैशांच्या गोष्टी भावांनी आपसांत मिटवाव्यात. मिस्त्रींनी नव्या फिल्टरचे, क्लिपचे आणि फवाऱ्याचे पैसे घेतले. मजुरीचे नाव काढू दिले नाही, पण जाताना वाडीतला केळीचा लोंगर मात्र आनंदाने स्कूटरवर बांधून नेला. मी परत निघालो तेव्हा दोघे भाऊ बॉनेटवर ओणवे होऊन नवी क्लिप नीट बसली की नाही ते पाहत होते. थोरल्याने मान वर न करता विचारले, "घाटात पहिला गचका नेमका कुठं बसला रे?"

"दर्ग्याच्या वळणानंतर, दादा," धाकटा म्हणाला. "मागे आई होती. म्हणाली, गाडी थकली असेल, थोडा वेळ थांबव."